दुकानांतील उभा माणूस

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, ताडोब्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर ऊर्जानगर ही वसाहत आहे. १९८३ सालीं येथील महाऔष्णिक वीजकेंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, आणि त्या केंद्रांत काम करणाऱ्यांसाठीं हें गांव वसलें. दुर्गापूर-पद्मापूरचा कोळसा, इरई धरणाचें पाणी आणि महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून बदलीवर आलेलीं माणसें, या तिहींवर येथील सारा व्यवहार चालतो. आज या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. येथील पुष्कळ घरांत पगार महिन्याचा आणि काम पाळीचें असतें. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर चढला कीं दिवसा रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. खरेदीची वेळ येते ती ऊन उतरल्यावर. मग घरांत प्रश्न निघतो: चंद्रपुरांत जटपुरा दरवाज्याच्या आंतील जुन्या पेठेंत जावें, कीं एकाच छपराखालीं किराणा, कापड, भांडीं आणि खेळणीं विकणाऱ्या एखाद्या नव्या भांडारांत जावें?

अशा भांडारांत शिरल्यावर गिऱ्हाइकाला प्रथम जाणवतो तो गारवा, मग दिसतो झगझगीत प्रकाश, मग माल. आणि सर्वांत शेवटीं, लक्ष गेलेंच तर, फळीपुढें उभा असलेला माणूस. तो किती वेळ उभा आहे, त्याच्या हातांत काय आहे आणि काय नाहीं, याचा विचार खरेदीच्या घाईंत सहसा कोणी करीत नाहीं. तो करण्यासारखा आहे. कारण त्या माणसाच्या कामाचा इतिहास म्हणजे दुकान या संस्थेचाच इतिहास होय.

त्याला मराठींत नांव देतांनाच थोडी अडचण पडते. ‘विक्रेता’ म्हणावें तर माल त्याचा नसतो. ‘नोकर’ म्हणावें तर त्याच्या कामांतील कौशल्य त्या शब्दांत येत नाहीं. जुन्या काळीं फारसीवरून आलेला ‘गुमास्ता’ हा शब्द रूढ होता, आणि दुकानाच्या सरकारी नोंदणीला व्यापारी लोक अजूनही ‘गुमास्ता परवाना’ असेंच म्हणतात. परंतु जुना गुमास्ता धन्याच्या वतीनें सौदा करी. भाव सोडणें, उधार देणें, नकार देणें या गोष्टी थोड्याबहुत त्याच्या अखत्यारांत असत. आजच्या भांडारांतील विक्रेत्याला यांतील एकही अधिकार नाहीं. हा अधिकार गेला कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

जुन्या कापडदुकानाचें चित्र पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असेल. पांढऱ्या गादीवर दुकानदार बसलेला, समोर जोडे काढून गिऱ्हाईकही बसलेलें, आणि दोघांच्या मध्यें ठाणामागून ठाण उलगडलेलें. किंमत कोठेंही लिहिलेली नसे. माणूस पाहून भाव सांगितला जाई, मग घासाघीस होई, एकदां उठून जाण्याचें नाटकही होई, आणि शेवटीं दोघांनाही आपण जिंकलों असें वाटेल अशा आंकड्यावर सौदा तुटे. या पद्धतींत भोळ्या माणसाचें नुकसान होत असे, यांत शंका नाहीं. पण विकणारा आणि घेणारा हे दोघेही बसलेले असत, आणि दोघेही बोलत असत.

ही घडी प्रथम मोडली ती युरोपांत. १८५२ सालीं आरिस्तीद बुसिको हा पॅरिसमधील ‘बों मार्शे’ या दुकानांत भागीदार म्हणून शिरला, आणि त्यानें तें दुकान हळूहळू सर्व तऱ्हेच्या मालाचें भांडार करून टाकलें. त्याच्या युक्त्या आज साध्या वाटतात. प्रत्येक वस्तूवर एकच किंमत लिहिलेली असे. आंत येणाऱ्यावर कांहीं घेतलेंच पाहिजे अशी सक्ति नसे. आणि घेतलेली वस्तु पसंत न पडल्यास ती परत करतां येई. अनेक विभागांचें म्हणून अशा दुकानाला डिपार्टमेंट स्टोअर हें नांव पडलें. एकदां किंमत चिठ्ठीवर छापली गेली, कीं श्रीमंत आणि गरीब, चतुर आणि भोळा यांना एकच भाव मिळूं लागला. ही मोठीच सुधारणा झाली. मात्र त्याच क्षणीं विक्रेत्याच्या हातून भावाची सत्ता गेली. त्याच्याकडे उरल्या त्या दोनच गोष्टी: मालाचें ज्ञान आणि माणसाची पारख.

मुंबईंत या तऱ्हेचीं भांडारें गोऱ्या साहेबांबरोबर आलीं. १८९१ सालीं आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा तेथें निघाली. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, व्हाइटवे लेडलॉ यांचें प्रसिद्ध दुकान होतें. तेथील गिऱ्हाईक मुख्यतः साहेबलोकांचें आणि श्रीमंतांचें. सामान्य मराठी घरापर्यंत भांडार पोंचलें तें निराळ्या वाटेनें. १९४८ सालीं नायगांवच्या कामगारवस्तींत ग्राहकांची एक सहकारी संस्था निघाली. तीच पुढें ‘अपना बाजार’ या नांवानें घरोघर माहीत झाली. १९६६ सालीं दिल्लींत ‘सुपर बाजार’ उघडला, १९६८ सालीं मुंबईंत ‘सहकारी भांडार’ निघालें, आणि वारणानगरसारख्या ग्रामीण भागांतही ‘वारणा बाजार’ उभा राहिला. टंचाईच्या आणि साठेबाजीच्या त्या दिवसांत योग्य वजन, भेसळ नसलेला माल आणि पक्की पावती हें या दुकानांचें आकर्षण होतें. ऐषआरामाचा तेथें प्रश्नच नव्हता. तेथें घेणारा सभासद असल्यामुळें दुकानाचा मालकही असे, आणि काउंटरमागचा माणूस त्याच्या वस्तींतलाच असण्याचा संभव असे. १९९१ सालीं मुंबईंत अंधेरी येथें ‘शॉपर्स स्टॉप’ सुरू झालें. पुढें अशा खासगी भांडारांच्या शाखा लहान शहरांतूनही पसरल्या, आणि चंद्रपूरही त्याला अपवाद राहिलें नाहीं.

आतां त्या माणसाचा दिवस पाहावा. दुकानाचा दरवाजा गिऱ्हाइकांना उघडण्यापूर्वीं त्याचें काम सुरू होतें. आदल्या रात्रीं विस्कटलेले कपडे घडी घालून मापाप्रमाणें लावणें, रिकाम्या फळ्या भरणें, किंमतीच्या चिठ्ठ्या तपासणें, हीं पहिलीं कामें. खाण्याच्या मालांत तर एक नियम कटाक्षानें पाळावा लागतो: जुना माल पुढें आणि नवा मागें. तसें न केल्यास मागचा डबा मागेंच राहतो आणि त्याची मुदत टळते. ज्या गृहिणी हात लांब करून मागचें पाकीट ओढून काढतात, त्यांना हा नियम ठाऊक असतो. आणि त्या गेल्यावर फळी पुन्हां लावावी लागते, हें विक्रेत्याला ठाऊक असतें. दरवाजा उघडल्यावर विचारणाऱ्याला वस्तु दाखविणें, माप काढणें, नको असलेलें पुन्हां जागेवर नेणें, गर्दींत कोणी कांहीं खिशांत घालीत नाहीं ना याकडे नजर ठेवणें, आणि हें सर्व चालू असतां चेहरा प्रसन्न ठेवणें, असा क्रम रात्रीपर्यंत चालतो. कांहीं दिवसांनीं मालाची मोजदाद होते आणि नोंदीशीं ताळा जमला नाहीं तर ‘घट’ कोठें पडली याची विचारणा होते. रविवार आणि सण हे इतरांच्या सुटीचे दिवस. भांडारांत तेच सर्वाधिक धावपळीचे. त्याची सुटी मंगळवारीं किंवा बुधवारीं येते, जेव्हां घरचीं मुलें शाळेंत असतात.

या कामांतील ज्ञान वरून दिसत नाहीं, पण तें असतें. उदाहरण जवळचेंच घ्यावयाचें तर कोशाचें घेतां येईल. गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरीचें कोशाचें कापड प्रसिद्ध आहे. कोसा म्हणून नकली कापडही विकलें जातें, आणि दोन्ही समोर ठेवलीं तर नवख्याला फरक कळत नाहीं. जाणता विक्रेता कडेचा एक धागा काढून जाळून दाखवितो. खऱ्या रेशमाला जळलेल्या केसासारखा वास येतो आणि राख बोटांनीं चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. सुती कापड पहिल्या धुण्यांत किती आटेल, कोणता रंग उन्हांत उडेल, गुडघे दुखणाऱ्या म्हातारबाबांना कोणती चप्पल सोसेल, हें सांगणारा माणूस भेटला तर खरेदीचा निम्मा त्रास वांचतो. हें ज्ञान पुस्तकांत मिळत नाहीं. तें हजार वेळां माल हाताळून आणि हजार तक्रारी ऐकून येतें.

परंतु गेल्या शतकांत या ज्ञानाचीही किंमत घटत गेली. १९१६ सालीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं क्लॅरेन्स साँडर्स यानें ‘पिगली विगली’ नांवाचें किराणा दुकान उघडलें. तेथें गिऱ्हाइकानें टोपली घेऊन स्वतःच माल काढावयाचा आणि बाहेर पडतांना एकाच ठिकाणीं पैसे द्यावयाचे. २६ जून १९७४ रोजीं ओहायोमधील एका दुकानांत च्युइंगमचें एक पाकीट यंत्राच्या किरणाखालून गेलें, आणि काळ्या-पांढऱ्या रेघांवरून किंमत वाचण्याचें युग सुरू झालें. भारतांतील नोंदणीच्या त्या रेघांखालीं बहुधा ८९० या आंकड्यानें सुरुवात झालेली दिसते. टोपलीमुळें वस्तु काढून देण्याचें काम गिऱ्हाइकाकडे गेलें, आणि रेघांमुळें भाव लक्षांत ठेवण्याचें काम यंत्राकडे गेलें. उरला तो फळीपुढें उभा असलेला माणूस. मालकाच्या हिशेबीं आतां तो सहज बदलतां येण्याजोगा झाला. कित्येकदां तर तो त्या भांडाराचा नोकरही नसतो; साबणाच्या किंवा प्रसाधनांच्या एखाद्या कंपनीनें आपला माल खपविण्यासाठीं तो तेथें उभा केलेला असतो. ‘यांतलें चांगलें कोणतें?’ असें अशा वेळीं विचारल्यास उत्तर काय मिळणार, हें गिऱ्हाइकानें ओळखून असावें. त्यासाठीं त्या मुलावर रागावण्यांत मात्र अर्थ नाहीं. महिन्याच्या विक्रीचा आंकडा त्याला वरून ठरवून दिलेला असतो.

‘उभा’ हा शब्द येथें नुसता वर्णनासाठीं आलेला नाहीं. शरीराच्या दृष्टीनें या व्यवसायाचा खरा भार उभें राहण्यांतच आहे. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतें. तें परत वर चढविण्याच्या कामीं पोटऱ्यांच्या स्नायूंची मोठी मदत लागते. माणूस चालतो तेव्हां हे स्नायू आवळतात आणि सैल होतात, त्यांच्या दाबानें शिरांतील रक्त वर सरकतें, आणि शिरांतील एकाच दिशेनें उघडणाऱ्या झडपा तें पुन्हां खालीं येऊं देत नाहींत. एकाच जागीं उभ्या राहणाऱ्याचा हा पंप जवळजवळ बंद असतो. रक्त पायांत सांचतें, घोटे सुजतात, कंबर धरते. वर्षानुवर्षें असें चाललें तर झडपा ढिल्या पडण्याचा आणि शिरा फुगून निळसर गांठींसारख्या दिसण्याचा धोका वाढतो. यावर उपाय महाग नाहीं: मधून मधून दहा पावलें चालावयास मिळावें, आणि मधून मधून बसावयास मिळावें.

एवढ्या साध्या गोष्टीसाठीं कायदे करावे लागले, हें नवलच म्हटलें पाहिजे. इंग्लंडांत १८९९ सालीं कायदा झाला कीं दुकानांत काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागें निदान एक आसन असलें पाहिजे. त्या काळांतील इंग्रजी दुकानांची हकीकत मार्गारेट बाँडफील्ड या बाईंनीं स्वतः अनुभवून जगापुढें मांडली होती. त्या चौदाव्या वर्षीं दुकानांत कामाला लागल्या, आणि १९२९ सालीं ब्रिटिश मंत्रिमंडळांतील पहिल्या स्त्रीमंत्री झाल्या. भारतांत १९४८ च्या कारखाने कायद्यानें, त्याच्या ४४ व्या कलमांत, उभ्यानें काम करावें लागणाऱ्या कामगारांसाठीं बसण्याची सोय करण्याचें बंधन घातलें. वीज उत्पन्न करणें हेंही त्या कायद्याच्या व्याख्येंत येत होतें. म्हणजे ऊर्जानगरच्या वीजकेंद्रांतील कामगाराच्या आसनाचा विचार कायद्यानें केंद्र उभें राहण्याच्या पस्तीस वर्षें आधींच केला होता; त्याला सदरा विकणारी मुलगी मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती.

तिच्यासाठीं प्रथम आवाज उठला तो केरळांत. कोळिकोडच्या गजबजलेल्या मिठाई रस्त्यावरील कापडदुकानांतील स्त्रियांना दिवसभर बसावयास बंदी असे, आणि कित्येक ठिकाणीं स्वच्छतागृहही नसे. जावें लागूं नये म्हणून त्या पाणीच पीत नसत, आणि त्यांतून दुखणीं ओढवून घेत. विजी या नांवाच्या, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनीं त्यांना एकत्र आणलें, आणि वर्षानुवर्षें ही मागणी लावून धरली. २०१८ सालीं केरळ सरकारनें दुकानांविषयींच्या कायद्यांत दुरुस्ती करून बसण्याचा हक्क मान्य केला. २०२१ सालीं तामिळनाडूनेंही तशीच तरतूद केली. लाखालाखाचा माल मांडलेल्या दुकानांत एका स्टुलासाठीं एवढा लढा द्यावा लागला.

कामाच्या तासांचा प्रश्न याहून जुना. या दिशेनें भारतांत पहिलें पाऊल पडलें तें मुंबई इलाख्यांत, १९३९ च्या दुकानें व संस्था कायद्यानें. चांदा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडांत मोडत होता. त्या प्रांताचा असा कायदा १९४७ सालीं झाला. अलीकडे २०१७ सालीं महाराष्ट्रानें नवा कायदा करून आठवड्यास ४८ तासांची मर्यादा आणि एक पूर्ण दिवसाची सुटी ठरविली. त्यांत असेंही घातलें कीं रात्रीं साडेनऊनंतर स्त्रियांना त्यांच्या संमतीवांचून कामावर ठेवूं नये, आणि संमतीनें ठेवल्यास त्यांची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत पोंचविण्याची व्यवस्था मालकानें करावी.

‘दारापर्यंत’ या शब्दाचा अर्थ इतर शहरांत कदाचित् थोडा सैल घेतला जाईल. चंद्रपूर-ऊर्जानगरच्या रस्त्यावर तो अक्षरशः घ्यावा लागतो. वीजकेंद्राचें आवार आणि खाणींच्या कडेची झुडपें ताडोब्याच्या जंगलाला लागून आहेत, आणि वाघ-बिबट्यांचा वावर तेथें नवा नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें वीजकेंद्राच्या आवारांत, पाळी संपवून रात्रीं घरीं निघालेल्या एका कामगाराला वाघानें ठार केलें. अशा भागांत दुकान बंद होण्याची वेळ हा केवळ हिशेबाचा प्रश्न राहत नाहीं. दुकान बंद होतां होतां आलेलें एखादें गिऱ्हाईक दहा कपडे उलगडून अर्धा तास लावतें, तेव्हां तो अर्धा तास कोणाच्या तरी घरच्या वाटेवर जाऊन पडतो.

गिऱ्हाइकाचे हक्कही तितकेच खरे आहेत, आणि ते सोडून देण्याचें कारण नाहीं. बंद पाकिटावर छापलेल्या कमाल किंमतीहून अधिक पैसे कोणी मागूं शकत नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें पावती न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष वस्तु पावतींत लिहिलेल्या मुदतींत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणें, हीही तशीच प्रथा होय. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं’ ही भिंतीवरची पाटी सदोष मालाच्या बाबतींत म्हणूनच निरुपयोगी आहे. पण हा हक्क कोणापुढें मांडावयाचा, हें समजून घेतलें पाहिजे. फळीपुढच्या मुलीनें ना ती किंमत ठरविली, ना ती पाटी लिहिली, ना तो सदरा शिवला. परत घेण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. तो व्यवस्थापकाकडे असतो, आणि तक्रार त्याच्याकडे, पावती दाखवून, शांतपणें करावी. आवाज चढला कीं तो ऐकावा लागतो तिला, आणि निर्णय लागतो दुसरीकडेच.

बुसिकोच्या काळापासून भांडारानें गिऱ्हाइकाला जीं वचनें दिलीं, एक भाव, खरी पावती, परत घेण्याची तयारी, तीं सर्व मालकानें दिलेलीं आहेत. मात्र प्रत्यक्षांत तीं पाळलीं जातात तीं या उभ्या माणसाच्या हातून. त्याच्या ज्ञानाला विचारणारें कोणी उरलें नाहीं तर तें ज्ञान टिकणार नाहीं, आणि मग कोसा कोणता व नकली कोणतें हें सांगणाराही उरणार नाहीं. ऊर्जानगरांतील पाळीवाल्या घरांना हें निराळें सांगावयास नको. आठ तास उभें राहून घरीं येणाऱ्याचे पाय कसे होतात, हें त्या घरांनीं पाहिलेलें आहे. पुढच्या खेपेस भांडारांत गर्दी नसेल, आणि कोपऱ्यांत एखादें स्टूल रिकामें असेल, तेव्हां समोरच्या मुलीला ‘ताई, बसून दाखवा, घाई नाहीं’ एवढें म्हणून पाहावें. कदाचित् ती बसणार नाहीं, कारण वर कोठेंतरी कॅमेरा असतो. पण तें वाक्य ऐकणाऱ्या व्यवस्थापकाला, गिऱ्हाइकाची हरकत नाहीं एवढें तरी त्या दिवशीं कळेल.